एमएफ डूम: मुखवट्यामागच्या रॅपरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी रॅप ऐकणाऱ्या मंडळींत एमएफ डूमचं नाव निघालं की ठरलेले प्रश्न येतात. तो खरंच गेला का? मुखवटा कशाला? एवढं काय आहे त्याच्यात? ही उत्तरं मी टपरीवर, व्हॉट्सॲपवर आणि लोकलच्या दारात उभं राहून तुकड्यातुकड्यांनी देत आलोय. आता एकदाच लिहून काढतो. मी चाहता आहे, त्यामुळे तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका. पण तो जिथे चुकला असं मला वाटतं, तिथे तसंही लिहिलंय.

एका दमात सांगा, हा माणूस कोण?

डॅनियल दूमिले. जन्म १३ जुलै १९७१, लंडन. मृत्यू ३१ ऑक्टोबर २०२०, लीड्स. मधलं बहुतेक आयुष्य अमेरिकेत. विशीच्या आसपास बड्या रेकॉर्ड कंपनीचा कलाकार, तेविशीला पोहोचेपर्यंत भाऊ गेलेला, करार गेलेला, डोक्यावर छप्पर असेलच याची खात्री नाही, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी चेहऱ्यावर धातूचा मुखवटा चढवून नव्या नावाने पहिला अल्बम. पुढच्या पाच-सहा वर्षांत त्याने जे लिहिलं, त्यावर आजचे कितीतरी रॅपर पोसले गेलेत.

‘डूम’ हे नाव कुठून आलं? आणि ते मोठ्या अक्षरांतच लिहायचं असतं ना?

आडनाव दूमिले, त्याचं लाडकं रूप डूम. घरात आणि गल्लीत त्याला आधीपासून तसं म्हणायचे. त्यात मार्व्हल कॉमिक्समधला डॉक्टर डूम आयता मिळाला: पोलादी मुखवटा घातलेला, विद्रूप चेहऱ्याचा, सूड घ्यायला निघालेला खलनायक. ‘एमएफ’ म्हणजे मेटल फेस. बीट, म्हणजे शब्दांमागचं तालसंगीत, बनवायला बसला की तोच मेटल फिंगर्स.

मोठ्या अक्षरांचं म्हणाल तर त्याने एका गाण्यात बजावून ठेवलंय की माझं नाव लिहाल तर सगळी अक्षरं कॅपिटल. इंग्रजीत लिहिणारे चाहते हा नियम सोवळ्यासारखा पाळतात. देवनागरीत मुळात लहान-मोठी अक्षरंच नाहीत, त्यामुळे आपली आपोआप सुटका. किंवा असंही म्हणा, की आपण त्याचं नाव कायमच मोठ्या अक्षरांत लिहितो.

‘अंडरग्राउंड’ म्हणजे नक्की काय? लपूनछपून?

लपूनछपून काही नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत रॅपचा पैसा प्रचंड वाढला. महागडे व्हिडिओ, रेडिओवर सतत वाजणारी कोरसवाली गाणी, त्यामागे मोठ्या कंपन्या. ज्यांना तिथे जागा नव्हती किंवा नको होती, ते छोट्या लेबलांकडे, म्हणजे लहान रेकॉर्ड कंपन्यांकडे वळले. बारा इंची तबकडीवर दोन-तीन गाणी छापायची, मोजक्या दुकानांत ठेवायची, कॉलेजच्या रेडिओवर मध्यरात्रीनंतर वाजवून घ्यायची. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या रेडिओवर स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटो गार्सिया यांचा असा कार्यक्रम होता, आणि तो रात्र जागून कॅसेटवर उतरवून घेणारी पोरं होती. याच बॉबिटोचं ‘फाँडल एम’ नावाचं चिमुकलं लेबल होतं. डूमचा दुसरा जन्म तिथला.

आपल्याकडच्या लघुनियतकालिकांची चळवळ आठवा. चक्रमुद्रित अंक, शे-दोनशे वाचक, आणि वीस वर्षांनी सगळे त्यांच्याबद्दलच बोलतायत. जातकुळी तीच.

तो लंडनचा की न्यूयॉर्कचा?

कानाला विचाराल तर न्यूयॉर्कचा. आई त्रिनिदादची, वडील झिम्बाब्वेचे. जन्म लंडनला झाला, पण अगदी लहानपणीच कुटुंब अमेरिकेत आलं आणि तो न्यूयॉर्कला लागून असलेल्या लाँग आयलंडच्या लाँग बीच गावात वाढला. गंमत अशी की त्याने अमेरिकेचं नागरिकत्व कधी घेतलंच नाही. ही कागदाची बाब चाळिशीच्या तोंडावर त्याच्या कशी अंगाशी आली, ते खाली सांगतो.

मुखवट्याआधी तो काय करत होता?

तेव्हा त्याचं नाव झेव्ह लव्ह एक्स. धाकटा भाऊ डिंगिलिझ्वे म्हणजे डीजे सबरॉक, आणि जोडीला एक मित्र, असा ‘केएमडी’ हा गट. १९८९ मध्ये ‘थर्ड बेस’ या गटाच्या ‘द गॅस फेस’ गाण्यात त्याने एक कडवं म्हटलं आणि तो लोकांच्या नजरेत भरला. मग इलेक्ट्रा या मोठ्या कंपनीने केएमडीला घेतलं आणि १९९१ मध्ये ‘मिस्टर हूड’ हा अल्बम आला.

तो आज ऐकला तर हसूच फुटतं. भाषा शिकवणाऱ्या जुन्या तबकडीवरचा एक मास्तरी आवाज कापून त्यांनी त्याचं ‘मिस्टर हूड’ नावाचं पात्र केलं आणि त्याच्याशी गल्लीतली पोरं गप्पा मारतायत असा देखावा रचला. मुलांच्या ‘सेसमी स्ट्रीट’ कार्यक्रमातल्या बर्टचा आवाजही त्यात घुसडला. पोरं खेळकर होती, पण आशय पोरकट नव्हता: काळ्या माणसाला विदूषक करून दाखवणाऱ्या अमेरिकी प्रतिमांची त्यांना चीड होती आणि ती ते हसत हसत काढत होते. त्यांच्या व्हिडिओंत डॅनियलचा चेहरा स्वच्छ दिसतो. कोवळा, दाढी न फुटलेला. ‘पीचफझ’ हे गाणं तर त्या न फुटलेल्या दाढीवरच आहे. पुढचं माहीत असलं की तो व्हिडिओ बघताना जीव थोडा खाली-वर होतो.

१९९३-९४ मध्ये नेमकं काय झालं?

दुसऱ्या अल्बमचं काम संपत आलं होतं. नाव ‘ब्लॅक बास्टर्ड्स’. २३ एप्रिल १९९३ ला सबरॉक लाँग आयलंडवर महामार्ग ओलांडत असताना गाडीखाली आला आणि गेला. वय १९. ते दोघे नुसते भाऊ नव्हते, एकाच यंत्रावर एकमेकांच्या खांद्यावरून हात टाकून बीट बनवणारे होते.

डॅनियलने उरलेलं काम एकट्याने पुरं केलं. मुखपृष्ठही त्यानेच काढलं होतं: गोऱ्यांच्या करमणुकीसाठी काळ्यांची टिंगल करणारं जे जुनं ‘सँबो’ व्यंगचित्र, त्याला फासावर लटकवलेलं. अर्थ उघड होता, या प्रतिमेला फाशी द्या. पण ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाच्या एका स्तंभलेखिकेने अल्बम यायच्या आधीच त्यावर टीका केली, मूळ कंपनीचे वरचे लोक घाबरले आणि १९९४ मध्ये अल्बम दाबून केएमडीला निरोप देण्यात आला. हातावर २०,००० डॉलर आणि अल्बमच्या मूळ टेप. बस.

वर्षाच्या आत भाऊ आणि काम दोन्ही. पुढची तीनेक वर्षं त्याचा पत्ता नाही. मॅनहॅटनच्या रस्त्यांवर भटकायचो, बाकांवर झोपायचो, असं त्याने नंतर मुलाखतीत सांगितलं. तो अल्बम रीतसर बाजारात यायला दोन हजार साल उजाडलं, तेही छोट्या लेबलांकडून.

माझं मत विचाराल तर डूमला समजून घ्यायला एवढा एकच प्रसंग पुरेसा आहे. चित्रावरून, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या गोष्टीवरून, त्याचं काम बंद पाडलं गेलं. ऐकलं कुणीच नव्हतं.

मग मुखवटा? ती जाहिरातबाजी नाही का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

१९९७-९८ च्या सुमारास मॅनहॅटनच्या न्यूयोरिकन पोएट्स कॅफेमध्ये एक माणूस माइकवर येऊ लागला. तोंडावर बायकांचा स्टॉकिंग ओढलेला, चोरटे घालतात तसा. कुणाला कळेना कोण आहे. तिथून पुढे तो चंदेरी रंग फासलेल्या खेळण्यातल्या मुखवट्यावर आला. नेहमी फोटोत दिसणारा धातूचा मुखवटा म्हणजे ‘ग्लॅडिएटर’ सिनेमातल्या शिरस्त्राणाच्या नकलेचा समोरचा भाग. ग्राफिटी करणाऱ्या त्याच्या मित्राने, केओने, तो कापून, आतून सोय करून दिला. पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावरचं कॉमिक्ससारखं चित्रही केओचंच.

मुखवट्याचं कारण डूम वर्षानुवर्षं एकच सांगत आला: रॅप हे आता बघायचं झालंय, कपडे, दागिने, देह. मला ते पुन्हा ऐकायचं करायचंय. चेहरा काढून घेतला की उरतो आवाज आणि शब्द.

आता जाहिरातबाजी. परिणाम जाहिरातीसारखा झाला हे खरंच. त्या मुखवट्याचे टी-शर्ट आज दादरच्या फुटपाथवरही दिसतील. पण २००० साली चेहरा झाकून आपण काय गमावतोय हे त्याला माहीत होतं. ओळख हाच जिथे माल, तिथे त्याने दुकानाचं शटर खाली ओढलं. शिवाय एक साधी गोष्ट लोक विसरतात. त्याचा चेहरा ज्यांना आठवत होता, त्यांना त्या चेहऱ्याशेजारी भावाचाही आठवत होता. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही, हा माझा तर्क.

आपल्याकडे दशावतारात एकदा रंग चढला की नट रात्रभर राजाच असतो, विंगेतही कुणी त्याला घरच्या नावाने हाक मारत नाही. डूमचं थोडंफार तसंच. मुलाखतीतही तो बऱ्याचदा डूमबद्दल ‘तो’ म्हणून बोलायचा, जणू आपण पात्र लिहिणारे लेखक आहोत.

पहिला अल्बम कसा आहे?

‘ऑपरेशन: डूम्सडे’, १९९९, फाँडल एम. कच्चा आहे. ध्वनिमुद्रण कुठेकुठे खोलीत केल्यासारखं वाटतं, आवाज कधी पुढे कधी मागे. आणि तेच गोड आहे. त्या काळातले कडक रॅपर कठोर, अंधारे बीट घेत असताना या खलनायकाने शादे, क्विन्सी जोन्स, स्टीली डॅन यांच्या ऐंशीच्या दशकातल्या किंवा त्याच्या आगेमागेच्या मऊ, रेशमी गाण्यांचे लूप, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणारे तुकडे, घेतले. मध्येमध्ये कॉमिक्सवरच्या जुन्या कार्टून मालिकांतले संवाद. पोलादी चेहऱ्याचा दुष्ट आणि मागे लग्नाच्या स्वागतसमारंभात वाजावं असं संगीत! त्या विसंगतीतून सबरॉकची आठवण वर येते तेव्हा सावध नसलात तर घशात काहीतरी अडकतं.

त्याच्या शब्दांत एवढं काय विशेष? यमक तर सगळेच जुळवतात.

सगळे जुळवतात, पण ओळीच्या शेवटच्या अक्षराला. रात-बात, मन-धन. डूम पाच-पाच, सहा-सहा अक्षरांचा अख्खा तुकडा जुळवतो, तोही ओळीच्या पोटात, आणि कधीकधी आठ-दहा ओळी तोच धागा सोडत नाही. त्याच्या ओळी इथे छापत नाही. त्याऐवजी मराठीत मीच एक जुळवाजुळव करून दाखवतो, चू.भू.द्या.घ्या.:

चाळीत पहाटे कोरडी पाण्याची टाकी,
महिनाअखेर छातीवर वाण्याची बाकी.

‘पाण्याची टाकी’ आणि ‘वाण्याची बाकी’: पाचही अक्षरांचे स्वर बरोबर एकावर एक बसतात. आता कल्पना करा की कुणी हे तीन मिनिटं करतोय, त्यात विनोद आहे, गोष्ट आहे, आणि पाचव्या ओळीला येणारा शब्द तुम्हाला आधीच दिसतोय म्हणेपर्यंत तो भलताच शब्द टाकून पुढे गेलाय. ही शेवटची खोड त्याची खास. तुमच्या तोंडात ठरलेलं यमक तयार असतं आणि तो तेवढीच जागा कोरी सोडतो.

‘आर्या मयूरपंताची’ म्हणून आपण ज्यांचं नाव घेतो, त्या मोरोपंतांनी यमकांसाठी केलेला हट्ट शाळेत अनेकांना कंटाळवाणा वाटला असेल. मलाही वाटायचा. डूम ऐकायला लागल्यावर मी केकावली पुन्हा काढली. ध्वनीच्या नादापायी अर्थाला कोलांटी मारायला लावणं आणि तरी तो पायावर उभा करणं, यात काय मजा असते ती मला उलट्या वाटेने कळली.

आणखी एक. तो आरडाओरडा करत नाही. आवाज जाड, थोडा पेंगुळलेला, नुकतंच जेवून बसलेल्या काकांसारखा. बीटच्या किंचित मागे रेंगाळत चालतो. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, याला काही पडलेलीच नाही. चौथ्यांदा ऐकताना कळतं की एकही अक्षर जागेवरून हललेलं नाही.

‘मॅडव्हिलनी’ला एवढं डोक्यावर का घेतात?

कारण तो तेवढा चांगला आहे. डूम आणि कॅलिफोर्नियाचा मॅडलिब, दोघांची जोडी ‘मॅडव्हिलन’. अल्बम २३ मार्च २००४ ला स्टोन्स थ्रो या लेबलवर आला. २२ तुकडे, एकूण साधारण ४६ मिनिटं. बरीचशी गाणी दोन-अडीच मिनिटांत आटोपतात, कोरस जवळपास नाहीच. गाणं सुरू होतं, तो बोलतो, संपतं. ‘परत म्हणा’ म्हणायला सवड नाही.

तो घडला कसा हेही सांगण्यासारखं आहे. लेबल लॉस एंजलिसमध्ये डोंगरउतारावरच्या एका घरात चालायचं आणि मॅडलिबची खोली म्हणजे त्या घराचं जुनं बाँबनिवारा तळघर. डूमला तिथे आणलं तेव्हा त्याच्या व्यवस्थापक बाईंनी १,५०० डॉलर मागितले आणि लेबलच्या खात्यात तेवढेही नव्हते, असं त्या मंडळींनीच नंतर सांगितलंय. बाई पैशांवरून वाद घालत होत्या, तोवर डूम तळघरात जाऊन कामाला लागलाही होता.

२००२ च्या अखेरीस मॅडलिब ब्राझीलला गेला. तिथे हॉटेलच्या खोलीत, छोटा रेकॉर्ड प्लेअर, एक सॅम्पलर (आवाजाचे तुकडे कापून वाजवणारं यंत्र) आणि कॅसेट डेक एवढ्यावर त्याने बाजारातून आणलेल्या तबकड्या कापून बीट बनवले. त्याच सुमारास अर्धवट अल्बमची प्रत चोरीला गेली आणि इंटरनेटवर पसरली, प्रकाशनाच्या तब्बल चौदा महिने आधी. दोघे वैतागले आणि वेगळ्या कामांना लागले. परत आले तेव्हा डूमने आपलं बरंच काही पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा खालच्या, शांत आवाजात. फुटलेली प्रत आजही मिळते. शेजारीशेजारी ठेवून ऐका. चोरी झाली हे बरंच झालं, असं म्हणण्याचा मोह होतो.

मुखपृष्ठ म्हणजे मुखवट्याचा काळा-पांढरा फोटो आणि कोपऱ्यात एक छोटा नारिंगी चौकोन. तो चौकोन रचनाकार जेफ जँकने टाकला, कारण काहीतरी उठून दिसणारं हवं होतं. आज नुसता तो चौकोन काढून दाखवला तरी ओळखणारे ओळखतात.

यात ‘अकॉर्डियन’ नावाचं एक गाणं आहे. एका रविवारी मी ते स्पीकरवर लावलं होतं. बाबा आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. ते पेपर खाली ठेवून म्हणाले, “ही पेटी कोण वाजवतंय रे? भाता चुकतोय त्याचा.” पेटी नाही, अकॉर्डियन आहे, आणि डेडेलस नावाच्या संगीतकाराच्या रचनेतला तुकडा कापून फिरवलाय, म्हणून श्वास मध्येच तुटतो, असं समजावलं. ते अख्खं गाणं ऐकत बसले. इंग्रजी फारसं कळलं नसावं. संपल्यावर एवढंच म्हणाले, “हा लयीत बसत नाही, पण सुटतही नाही.” मी इतक्या वर्षांत डूमचं इतकं नेमकं वर्णन वाचलेलं नाही.

व्हिक्टर व्हॉन, किंग गिदोरा… ही सगळी वेगवेगळी माणसं आहेत का?

सगळा तोच. किंग गिदोरा हा गॉडझिलाच्या सिनेमांतला तीन डोक्यांचा सोनेरी राक्षस. तो अंतराळातून माणसांकडे बघून बोलतो. व्हिक्टर व्हॉन हा तरुण, उद्धट, काळातून प्रवास करणारा पोरगा. नाव डॉक्टर डूमच्या खऱ्या नावावरून. दोघांचेही अल्बम २००३ मध्ये आले. मजा म्हणजे ही पात्रं एकमेकांना ओळखतात, एकमेकांच्या गाण्यांत येतात आणि एकमेकांची उणीदुणी काढतात. ‘मॅडव्हिलनी’तलं एक गाणं तर व्हिक्टर व्हॉनच्या नावावर आहे, ज्यात त्याची प्रेयसी मुखवटेवाल्या डूमबरोबर गेलीय म्हणून तो खवळलाय. स्वतःच्याच दोन पात्रांत भांडण लावून दिलं आणि स्वतः मजा बघत बसला.

खाण्यावरचा एक अल्बम आहे म्हणे?

‘एमएम..फूड’, नोव्हेंबर २००४. इंग्रजी नावाची अक्षरं फिरवली की ‘एमएफ डूम’ होतं. पंधरा गाणी आणि प्रत्येकाच्या नावात खाणं, पिणं किंवा त्याचा परिणाम. मैत्रीवरचं गाणं ‘डीप फ्राइड फ्रेंझ’, पोलिसांपुढे स्वतःचेच गुन्हे गाण्यात कबूल करणाऱ्या रॅपरांची टिंगल म्हणजे ‘रॅप स्निच निशेस’. मधला एक भाग नुसते कार्टूनचे संवाद जोडून केलाय, तो मला लांबलेला वाटतो. नव्या माणसाने तेवढा पुढे ढकलला तरी चालेल.

कार्यक्रमांना तो दुसऱ्यालाच मुखवटा घालून पाठवायचा, हे खरं का?

खरं. २००७ पासून तक्रारी सुरू झाल्या: स्टेजवरचा माणूस बारीक आहे, ओठ हलतायत पण आवाज टेपचा आहे. डूमने नाकारलं नाही. उलट म्हणाला, मी लेखकही आहे आणि दिग्दर्शकही, पात्र कोण वठवणार ते मी ठरवतो. चेहरा बघायला आलात की आवाज ऐकायला, असा त्याचा उलटा सवाल.

पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया आला, त्याला निदान पकडून शिक्षा तरी झाली. इथे तोतया पाठवणारा खुद्द भाऊसाहेब! विचार म्हणून मला हे भारी वाटतं, मुखवट्याचा युक्तिवाद शेवटपर्यंत ओढत नेणारं. पण घामाचे पैसे देऊन, तासन् तास रांगेत उभं राहून आलेल्या पोराला तोंड हलवणारा तोतया दाखवणं ही फसवणूकच. ऐकायला या म्हणायचं आणि ऐकवायला स्वतः यायचं नाही, हे त्याच्याच तत्त्वात बसत नाही. यावर माझी चाहत्यांशी भांडणं झालीयत, होतील.

अमेरिकेने त्याला परत का घेतलं नाही?

नागरिकत्व नव्हतं म्हणून. २०१० मध्ये तो युरोपच्या दौऱ्यावर गेला आणि परतताना त्याला देशात प्रवेश नाकारला गेला. ज्या देशात शाळेत गेला, भाऊ पुरला, संसार मांडला, त्या देशात तो कागदावर पाहुणाच होता. बायको-मुलं तिकडे, हा लंडनमध्ये, जिथे तो फक्त जन्मला होता. कुटुंब एकत्र यायला पुढे जवळपास दोन वर्षं गेली. २०१२ चा ‘की टू द कफ्स’ हा जेनेरो जॅरेलबरोबरचा अल्बम याच दिवसांतला. लंडनच्या बोलीतले शब्द त्यात खडीसारखे मध्येमध्ये दाताखाली येतात.

‘नेहरूव्हियन डूम’ हा काय प्रकार? आपल्या नेहरूंशी संबंध?

आहे, वळणावळणाने. बिशप नेहरू हा न्यूयॉर्क भागातला पोरगेला रॅपर. त्याने नावातला ‘नेहरू’ जवाहरलालांवरून घेतला. डूमने त्याला हाताशी धरलं आणि २०१४ मध्ये दोघांचा हा अल्बम आला. तेव्हा पोराचं वय १८. अल्बम ठीकठाक. भारताशी खरा सांगीतिक धागा हवा असेल तर मॅडलिबकडे जा. त्याने २००७ मध्ये ‘बीट कंडक्टर इन इंडिया’ या नावाने जुन्या हिंदी सिनेसंगीताच्या तबकड्या कापून बीट केले. ते ऐकताना एखादा ओळखीचा तुकडा झर्रकन जातो आणि ‘अरे हे तर…’ म्हणेपर्यंत संपतो.

त्याच्या गाण्यांत शिव्या असतात का? मुलांसमोर लावावीत का?

असतात, पण समवयस्कांच्या मानाने कमी. जपायचं ते वेगळ्याच गोष्टीला. २००९ च्या ‘बॉर्न लाइक दिस’मध्ये एक गाणं समलैंगिकांची कुचेष्टा करणारं आहे. सुपरहिरोंची थट्टा म्हणून रचलंय, पण थट्टेच्या नावाखाली जे आहे ते आहे. तेव्हाही टीका झाली. मी ते गाणं गाळूनच पुढे जातो. बाकी अल्बम दणदणीत आहे.

तो गेला कसा? दोन महिने कुणाला कळलं कसं नाही?

३१ ऑक्टोबर २०२० ला गेला, वय ४९. पत्नीने ३१ डिसेंबरला जाहीर केलं, तेव्हा जगाला कळलं. त्यामुळे ‘हेही नाटक असेल’ असं म्हणणारे निघाले. नाटक नव्हतं. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या चौकशीत कारण पुढे आलं: रक्तदाबाची नवी गोळी सुरू केल्यावर क्वचित कुणाला घसा आणि जीभ सुजण्याची प्रतिक्रिया येते, तीच त्याला आली, आणि श्वासाची वाट बंद झाली. त्याआधी २०१७ च्या डिसेंबरमध्ये त्याचा १४ वर्षांचा मुलगा गेला होता. शेवटची वर्षं तो फार कमी बोलला, त्याचा अर्थ लावत बसण्यात काही मतलब नाही.

२०२१ मध्ये लाँग बीचमध्ये तो जिथे वाढला त्या रस्त्याला केएमडी आणि एमएफ डूम यांचं नाव देण्यात आलं. त्याच्या हस्तलिखित वह्यांवरून मात्र वाद कोर्टापर्यंत गेला. शेवटी तडजोड होऊन वह्या घरच्यांकडे परत आल्या.

पैसा मिळाला का त्याला?

मोठ्या रॅपरांसारखा नाही. ‘मॅडव्हिलनी’ अमेरिकेच्या पहिल्या २०० अल्बमांच्या यादीत आला तो १७९ व्या क्रमांकावर. चढला तेवढाच, पण खपत मात्र वर्षानुवर्षं राहिला. डूमने नुसते बीटही निगुतीने विकले. ‘स्पेशल हर्ब्स’ ही त्याच्या शब्दाविना बीटची मालिका आहे, प्रत्येक बीटला एखाद्या औषधी वनस्पतीचं किंवा मसाल्याचं नाव. अभ्यासाला किंवा स्वयंपाकाला मागे लावून ठेवायला याहून चांगलं काही मला माहीत नाही.

सुरुवात कुठून करू?

इंग्रजी बोल कानाला सरावाचे नसतील तर आधी ‘स्पेशल हर्ब्स’. मग ‘एमएम..फूड’, कारण ते सगळ्यांत हसरं आहे. त्यानंतर ‘मॅडव्हिलनी’, पण गाणी सुटी नकोत, सलग. ठाण्याहून सीएसएमटीला धीम्या लोकलने निघालात तर शेवटचं गाणं सीएसएमटी यायच्या आधी संपतं, गाडी वेळेवर असली तरी. ‘ऑपरेशन: डूम्सडे’ शेवटी ठेवा. माणूस ओळखीचा झाल्यावर त्याची पहिली चिठ्ठी वाचावी तसं. बोल छापलेले शोधून समोर ठेवायचे ते दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला डोळे मिटा, त्याचं म्हणणंच ते होतं.